रंग हरपले, यंत्र गवसले

चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना (१८६९–१९५६) अंशतः रंगांधत्वामुळे कुंचला सोडावा लागला. यांत्रिक रेखाटनाकडे वळून ते व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक झाले. दरम्यान, कॅम्पमुळे छावणीचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेळगावात १८८८ मध्ये बंधू रामूअण्णांसह सायकलींचे दुकान निघाले. बढती डावलली जाताच नोकरी सोडून लक्ष्मणराव तेथे परतले. सायकलींपाठोपाठ कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर त्यांनी घडविला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने शेतकरी नांगर घेईनात. तरी त्यांनी तो सोडला नाही. १९१० मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी दिलेल्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.