पेल्यातला रोसिनी

दारूबंदीच्या गुजरातेत बसून मद्याच्या पेल्यापासून लेखाला आरंभ करावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण ज्याचे हे चरित्र, त्याचे नाव इटलीत नाटकगृहाइतकेच उपाहारगृहातही ऐकू येते, त्याला इलाज नाही. व्हेनिस शहरातील हॅरीज बार या मद्यगृहाचे मालक जुझेप्पे चिप्रियानी यांनी १९४८ च्या सुमारास पांढऱ्या पीच फळाचा गर फेसाळत्या द्राक्षमद्यात मिसळला आणि त्या पेयाला बेल्लिनी या जुन्या चित्रकाराचे नाव दिले. पुढे त्याच धर्तीवर पीचच्या जागी स्ट्रॉबेरीचा गर आला, आणि त्या लालसर पेल्याचे नाव पडले रोसिनी. संत्र्याच्या जातीच्या एका फळाचा रस घालून केलेला पेला पुच्चिनीच्या वाट्याला आला.

गोड, थंडगार, फसफसून वर येणारे आणि बघता बघता संपणारे हे पेय रोसिनीच्या विनोदी ऑपेराला शोभते खरे. उद्या एखाद्या यजमानाने त्याच्या फिगारोच्या किंवा रोझिनाच्या नावाने नवे सरबत काढले, तरी कोणाला नवल वाटू नये. मात्र पेल्यावरून माणसाचा अंदाज बांधू गेलो, तर आपण फसतो.

जोआक्किनो रोसिनीचा जन्म २९ फेब्रुवारी १७९२ रोजी पेझारो या समुद्रकाठच्या गावी झाला. बाप गावाचा सरकारी तुतारीवाला, शिवाय खाटीकखान्यावरचा तपासनीस. आई पाववाल्याची मुलगी. गळा गोड म्हणून नाटकमंडळ्यांत गाऊ लागली. फ्रेंच क्रांतीचे वारे इटलीत शिरले, तेव्हा बापाने उघडपणे नव्या विचारांची बाजू घेतली आणि पोपची सत्ता परत येताच तो तुरुंगात गेला. घर चालले ते आईच्या गाण्यावर. पुढे तिचाही गळा बिघडला आणि रंगभूमी सुटली. तोवर पोरगा कमावता झाला होता. चर्चमध्ये गावे, नाटकगृहात वाद्यावर साथ करावी, असे करीत बोलोन्याच्या संगीतशाळेत त्याने शिक्षण घेतले. मोझार्ट आणि हायडन या उत्तरेकडच्या संगीतकारांचा त्याला इतका नाद, की सोबती त्याला छोटा जर्मन म्हणून चिडवीत.

१८१० मध्ये, अठराव्या वर्षी, व्हेनिसमध्ये त्याचा पहिला ऑपेरा रंगभूमीवर आला. तेव्हापासून पुढची एकोणीस वर्षे या माणसाने उसंत घेतली नाही. त्या अवधीत त्याने एकोणचाळीस ऑपेरा लिहिले. १८१३ साली 'तांक्रेदी' हा गंभीर ऑपेरा आणि 'अल्जीर्समधील इटालियन स्त्री' हा विनोदी, असे दोन लागोपाठ गाजले आणि एकविसाव्या वर्षी तो सर्व इटलीचा झाला.

१८१५ साली त्याला नेपल्सला नेले दोमेनिको बार्बाया या नाटकगृहाच्या ठेकेदाराने. हा बार्बाया मूळचा कॉफीगृहातला पोऱ्या. कॉफी, चॉकलेट आणि मलई एकत्र फेटून त्याने एक पेय काढले. ते मिलानमध्ये त्याच्याच नावाने इतके खपले की त्याचे नशीब उघडले. पुढे नाटकगृहांतील जुगाराच्या टेबलांचा ठेका आणि मग नाटकगृहेच त्याच्या हाती आली. ऑपेरा आणि पेला यांचे नाते असे रोसिनीच्या हयातीतच जुळलेले होते. बार्बायाच्या नोकरीत त्याने बहुतेक गंभीर ऑपेरा लिहिले, हे मात्र त्याला नुसता विदूषक समजणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

ज्या कृतीने त्याचे नाव अमर झाले, ती 'सेव्हिलचा न्हावी' रोममध्ये तयार झाली. बोमार्शे या फ्रेंच नाटककाराचे मूळ नाटक. म्हातारा पालक, त्याच्या ताब्यातील तरुण मुलगी, तिच्यावर जीव जडलेला सरदार आणि दोघांची गाठ घालून देणारा चलाख न्हावी फिगारो. याच कथेवर पायसिएल्लो या वडीलधाऱ्या संगीतकाराने १७८२ मध्ये ऑपेरा केला होता आणि तो हयात होता. म्हणून रोसिनीने आपल्या ऑपेराला आरंभी निराळे नाव दिले. सबंध संगीत त्याने तीन आठवड्यांच्या आत लिहिले. पडदा उघडण्यापूर्वीचे वाद्यसंगीत तर आपल्याच एका जुन्या गंभीर ऑपेरातून उचलले. मोबदला ठरला चारशे स्कुदी. नायकाचे काम करणारा गायक मानुएल गार्सिया याला मिळाले त्याच्या तिप्पट.

२० फेब्रुवारी १८१६ चा पहिला प्रयोग पार पडला म्हणण्यापेक्षा पडला म्हणावे. पायसिएल्लोचे चाहते शिट्या वाजवायलाच आले होते. गार्सियाच्या गिटारची तार तुटली, एक गायक ठेचकाळून नाकातून रक्त वाहत असता गायला, आणि भर प्रवेशात एक मांजर रंगमंचावर फिरून गेले. दुसऱ्या रात्री रोसिनी नाटकगृहाकडे फिरकलाच नाही, आणि त्याच रात्री प्रेक्षकांनी ऑपेरा डोक्यावर घेतला.

त्यातील एक जागा शिकणाऱ्यांनी मुद्दाम ऐकावी. संगीतशिक्षक बाझिलिओ चहाडी कशी पसरते ते गाऊन सांगतो. आरंभ कुजबुजीइतका हळू. तोच लहानसा स्वरसमूह पुन्हा पुन्हा येतो. दर खेपेस एखादे वाद्य वाढते, नाद फुगत जातो, आणि अखेर तोफ उडाल्याचा भास होतो. आपल्याकडे द्रुतात जाताना लय वाढते. येथे लय जागची हलत नाही, वाढतो तो फक्त नाद. ऐकणाऱ्याला फेस दिसतो. त्याखाली वाद्यांचा हिशेब काटेकोर आहे. हसवणे हे कष्टाचे काम आहे, हे त्या चार-पाच मिनिटांत कळते.

१८२२ मध्ये त्याने इझाबेला कोलब्रान या गायिकेशी विवाह केला. १८२४ पासून पॅरिस ही त्याची कर्मभूमी झाली. ३ ऑगस्ट १८२९ रोजी तेथे 'विल्यम टेल' झाला. आणि सदतिसाव्या वर्षी, कीर्तीच्या शिखरावर, रोसिनी थांबला. त्यानंतर एकोणचाळीस वर्षे तो जगला. पण ऑपेरा एकही लिहिला नाही.

तो आळशी होता, पैसा झाला म्हणून जेवत बसला, असे लोक म्हणत आले. घडले ते असे. दोन वर्षांपूर्वी आई वारली होती आणि तो घाव भरला नव्हता. फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याच्या सरकारने त्याला सालीना सहा हजार फ्रँकचा तहहयात तनखा कबूल केला होता. १८३० च्या क्रांतीत राजा गेला आणि नव्या सरकारने हात आखडला. हक्काच्या पैशासाठी त्याला कित्येक वर्षे झगडावे लागले, तेव्हा कोठे तो मान्य झाला. राज्य गेले की कलावंताच्या तनख्याचे काय होते, हे या शहरातील जुन्या घरांना सांगावयास नको. त्यातच शरीराला जुनाट रोग जडला, झोप उडाली, मन खचले. ज्याच्या संगीताने युरोप हसत होता, तो स्वतः संगीत ऐकवत नाही अशा अवस्थेला पोचला. १८४१ मध्ये पुरी झालेली 'स्ताबात मातेर' ही भक्तिरचना एवढीच त्या काळातील मोठी कृती. शुश्रूषा केली ती ओलिम्प पेलिसिए हिने. इझाबेलाच्या निधनानंतर १८४६ मध्ये दोघांचा विवाह झाला.

१८५५ मध्ये ओलिम्प त्याला उपचारांसाठी पॅरिसला घेऊन आली, आणि माणूस सावरला. मग १८५८ पासून त्याच्या घरी शनिवारच्या मैफिली सुरू झाल्या. भोजन, विनोद आणि गाणे. या वयात त्याने दीडशेच्या आसपास लहान रचना लिहून त्यांना म्हातारपणाची पापे असे नाव दिले. त्यांत मुळा, काकडीचे लोणचे, लोणी, बदाम, मनुका यांच्या नावांच्या पियानोच्या चिजा आहेत. हंसपक्ष्याचे यकृत आणि सुगंधी भूछत्रे घातलेला एक मांसाचा पदार्थ आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. जग ज्या खवय्या रोसिनीला ओळखते, तो हा. पण ही चैन यशाच्या धुंदीतली नव्हे. पंचवीस वर्षांच्या अंधारातून बाहेर आलेल्या माणसाची ती भूक होती. त्याच दिवसांत, १८६४ मध्ये, त्याची गंभीर प्रार्थनारचनाही प्रथम गायली गेली.

१३ नोव्हेंबर १८६८ रोजी पॅरिसमधील पासी येथे तो वारला. १८८७ मध्ये त्याचे अवशेष फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये नेण्यात आले. संपत्तीची व्यवस्था त्याने आधीच लावली होती. तिच्यातून पेझारोला संगीतविद्यालय उभे राहिले. आणि १८७८ मध्ये ओलिम्प गेल्यावर पॅरिसमध्ये एक आश्रम निघाला, म्हाताऱ्या, गळा गेलेल्या गायकांसाठी. आपल्या तिप्पट पैसे घेणारे गायक त्याने तरुणपणी पाहिले होते. पण गळा गेला की गाणाऱ्याचे काय होते, हे त्याने त्याहून आधी, स्वतःच्या घरात, आईपाशी पाहिले होते.