खराटा आणि कीर्तन

मुंबईतील लोअर परळ हा एके काळी कापडगिरण्यांचा भाग होता. पहाटे भोंगा वाजला की कोकणातून व घाटावरून आलेले हजारो कामगार गिरणीची वाट धरीत. या भागाला लागूनच परळ येथे १९२६ साली के. ई. एम. आणि १९४१ साली टाटा ही मोठी रुग्णालये सुरू झाली. दूरदूरच्या खेड्यांतून रोगी तेथे उपचारासाठी येऊ लागले, आजही येतात. रोग्याला खाट मिळते. पण त्याच्यासोबत आलेल्या आईने किंवा भावाने रात्र कोठे काढावी? अशा लोकांना आसरा देणारी एक धर्मशाळा जवळच दादरला आहे. तिला ज्या सत्पुरुषाचे नाव दिले आहे, त्याने स्वतःसाठी मात्र कधी घर बांधले नाही. तो सत्पुरुष म्हणजे संत गाडगेबाबा.

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात एका परीट कुटुंबात झाला. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूच्या व्यसनाने अकाली मरण पावले, आणि आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन दापुरे येथे आपल्या माहेरी आली. तेथे डेबू मामाची गुरे राखू लागला. पुढे तो शेतीच्या कामात तरबेज झाला. शाळेचे तोंड मात्र त्याने पाहिले नाही. मामा निरक्षर होते. सावकाराच्या कर्जापायी त्यांची जमीन गेली. व्यसन आणि अज्ञान माणसाचे घर कसे धुळीला मिळवितात, हे डेबूजींनी लहान वयातच पाहिले. म्हणून मुलीच्या बारशाला त्यांनी मांसमद्याची जुनी चाल मोडून पाहुण्यांना गोड जेवण वाढले.

१९०५ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात मातीचे फुटके गाडगे. त्या गाडग्यातच ते भाकरी खात व पाणी पीत. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले ते त्यावरूनच.

गावात पाऊल टाकले की बाबा कोणाशी न बोलता रस्ते झाडू लागत. उकिरडे हलवीत, गटारे मोकळी करीत. घाण तेथे रोग, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. त्यांना झाडताना पाहून गावकरीही ओशाळून हातात खराटे घेत. असा दिवस गेला की रात्री कीर्तन होई.

बाबांचे कीर्तन ही एक आगळीच कला होती. सजविलेला मंच नाही, पांडित्य नाही; भाषा आपली वऱ्हाडी. ते भजन गात, गोष्ट रंगवीत आणि मध्येच श्रोत्यांना प्रश्न विचारीत. लोक उत्तरे देत, आणि उत्तर देता देता आपली चूक त्यांची त्यांनाच उमगे. हसता हसता लोकांचे डोळे पाणावत. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवापुढे मुके प्राणी मारू नका, शिवाशिव पाळू नका, मुलांना शाळेत घाला, हाच त्या कीर्तनाचा सारांश असे. दिवसा खराट्याने गाव स्वच्छ होई, रात्री कीर्तनाने मन स्वच्छ होई. बाबांच्या दृष्टीने या दोन्ही एकाच देवाच्या पूजा होत्या.

या पूजेची कठोर परीक्षाही झाली. कोकणात कीर्तन चालू असताना त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंद वारल्याची वार्ता आली. हजारो माणसे समोर बसली होती. बाबांनी दुःख मनात गिळले आणि कीर्तन पुरे केले.

लोकांनी दिलेला पैसा त्यांनी लोकांसाठीच वेचला. अंध, पंगू व कुष्ठरोगी यांना त्यांनी अन्नवस्त्र दिले. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना आसरा मिळत नसे. त्यांच्यासाठी १९१७ साली बाबांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली. पुढे ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपविली. मुंबईत जे. जे. रुग्णालयातील रोग्यांच्या नातेवाइकांसाठी १९५४ साली धर्मशाळा बांधली. औषध डॉक्टर देतात. परंतु रोग्याचे माणूस उघड्यावर कुडकुडत असेल, तर रोग्याच्या जिवाला स्वस्थता कोठून लाभणार, ही जाणीव त्यामागे होती. या संस्थांवर आपल्या नातलगांचा मात्र त्यांनी काडीचाही हक्क ठेवला नाही.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. त्याच वर्षी २० डिसेंबरला, अमरावतीकडे जात असता, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांची प्राणज्योत मालवली.

२००० साली महाराष्ट्र शासनाने बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. अमरावतीच्या विद्यापीठालाही आज त्यांचे नाव आहे. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांचे नाव विद्यापीठाने अभिमानाने धारण केले! तथापि बाबांचे खरे स्मारक आणखी एक आहे. एखादे मूल अंगणातला कचरा आपल्या हाताने उचलते किंवा आजारी शेजाऱ्याला पाणी नेऊन देते, तेव्हा गाडगेबाबांचे कीर्तन पुन्हा सुरू झालेले असते.