शुल्काच्या उंबरठ्यावरचा महामानव

मुंबई : परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळणे एक आणि तेथील शुल्क भरून शिक्षण पुरे करणे दुसरे. गुणवत्ता असूनही केवळ पैशाअभावी अर्धे राहू पाहणारे शिक्षण जिद्दीने तडीस नेणारे विद्यार्थी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आजही मार्गदर्शक ठरते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांनी बडोदा संस्थानच्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण पूर्ण केले. १९१३च्या फेब्रुवारीत वडील रामजी सुभेदार निवर्तले. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर केली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १९१५ मध्ये एम. ए. पदवी मिळवली. शिष्यवृत्तीतून काही रक्कम घरी पाठवावी लागे. त्यामुळे पोटाला चिमटा काढून त्यांनी अभ्यास केला. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे दाखल झाले. परंतु १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत विद्यापीठाने दिली, एवढाच काय तो दिलासा.

बडोद्यात नोकरी मिळाली, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. अखेर मुंबई गाठून १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पगारातून केलेली बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि स्नेही नवल भथेना यांनी दिलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये त्यांनी पुन्हा लंडन गाठले. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. असे यश त्यांनी संपादन केले.

ब्रिटिश विद्यापीठांत त्या काळी स्थानिक व परदेशी असे शुल्काचे दोन दर नव्हते. १९६७ मध्ये हा भेद प्रथम आला. स्थानिकांना ७० पौंड, तर परदेशी विद्यार्थ्यांना २५० पौंड असा दर ठरला. १९८० पासून परदेशी विद्यार्थ्यांकडून शिक्षणाचा पूर्ण खर्च वसूल होऊ लागला. स्थानिक दर मिळण्यासाठी केवळ नागरिकत्व पुरत नाही. अभ्यासक्रमापूर्वी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचे वास्तव्य पाहिले जाते. शुल्काचा दर एकच असतानाही बाबासाहेबांना तीन वर्षे खोळंबावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे आजच्या दुहेरी दराचे ओझे उमगते.

स्वतः सोसलेली ही अडचण ते विसरले नाहीत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी दलित विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी निधीचा पाठपुरावा केला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना १९४४ मध्ये सुरू झाली. पुढे १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. लंडनमधील वास्तव्यात ते राहत असलेले किंग हेन्रीज रोडवरील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. शिष्यवृत्तीच्या पत्राची वाट पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या चिंतेशी त्या घराचे नाते आहे.