गाल्टन यांच्या दोन वाटा

गुन्ह्याच्या जागी सांडलेल्या रक्ताच्या थेंबावरून अज्ञात इसमाच्या डोळ्यांचा, केसांचा व त्वचेचा रंग कोणता असावा, त्याचे पूर्वज जगाच्या कोणत्या भागातील असावेत, याचा अंदाज बांधण्याची विद्या अलीकडच्या काळात पुढे आली आहे. साधन नवे असले तरी त्यामागील आकांक्षा जुनी आहे. सर फ्रान्सिस गाल्टन यांच्या चरित्रात तिचे सामर्थ्य आणि तिचा धोका दोन्ही दिसतात.

गाल्टन यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८२२ रोजी बर्मिंगहॅमनजीक एका सधन कुटुंबात झाला. इरॅस्मस डार्विन हे त्यांचे मातामह आणि चार्ल्स डार्विन हे नात्याने बंधू. वैद्यकाचे शिक्षण अर्धवट राहिले. केंब्रिजमध्ये गणितात नाव मिळविण्याची उमेद प्रकृतीने मोडली. १८४४ साली वडील निवर्तले आणि त्यांच्या संपत्तीमुळे उपजीविकेची चिंता कायमची मिटली. १८५० ते १८५२ या काळात त्यांनी नैर्ऋत्य आफ्रिकेत प्रवास केला. १८७५ साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हवामानाचा नकाशा छापविला. जे जे दिसेल ते मोजावे, हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास होता.

१८६९ साली 'हेरेडिटरी जीनियस' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नामवंतांच्या वंशावळी तपासून बुद्धिमत्ता रक्तातून येते, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि मानववंशांची उच्चनीच प्रतवारीही लावली. थोरांच्या मुलांना घराण्याबरोबर पैसा, शिक्षण आणि ओळखीही मिळतात, ही गोष्ट त्यांनी गौण मानली. वडिलार्जित संपत्तीवर जगणाऱ्या गृहस्थाच्या नजरेतून नेमकी हीच बाब निसटावी, हे अर्थशास्त्राच्या अभ्यासकास लक्षणीय वाटल्यावाचून राहत नाही. १८८३ साली त्यांनी आपल्या विचारास 'युजेनिक्स', म्हणजे सुप्रजननशास्त्र, हे नाव दिले.

तरीही त्यांच्या मोजणीने शास्त्राला मोठे देणे दिले. १८८४ च्या लंडनमधील आरोग्य प्रदर्शनात तीन पेन्स शुल्क घेऊन त्यांनी ९,३३७ व्यक्तींची मोजमापे नोंदविली. उंच आईबापांची मुले उंच असली तरी त्यांची उंची सरासरीकडे झुकते, हा नियम त्यांनी १८८६ साली मांडला. १८८८ साली सहसंबंधाची कल्पना मांडली. आमच्या वर्गांतून आजही हीच हत्यारे शिकविली जातात.

गुन्हेशास्त्रात गाल्टन दोन वाटांनी गेले. पहिली वाट चेहऱ्याची. १८७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कैद्यांची छायाचित्रे एकावर एक छापून गुन्हेगाराचा नमुनेदार चेहरा शोधू पाहिला. परंतु चित्रे एकत्र होताच दुष्टपणाच्या खुणा पुसल्या गेल्या आणि उरला तो एक सर्वसाधारण माणूस. दुसरी वाट बोटांच्या ठशांची. बंगालमध्ये विल्यम हर्शेल यांनी १८५८ पासून जमविलेल्या ठशांचा आधार घेऊन त्यांनी १८९२ साली आपला ग्रंथ सिद्ध केला. ठसा जन्मभर बदलत नाही आणि दोघांचा जुळण्याचा संभव नगण्य असतो, हे त्यात दाखविले. पुढे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या परिश्रमातून वर्गीकरणाची पद्धत पूर्ण झाली आणि १८९७ साली कलकत्त्यास ठसे कार्यालय निघाले. ठशांवरून वंश ओळखता येतो काय, हेही गाल्टन यांनी निरनिराळ्या लोकसमूहांचे ठसे जमवून तपासले. उत्तर नकारार्थी आले आणि ते निराश झाले.

स्वतःच्याच पुराव्याचा हा इशारा त्यांनी मानला नाही. १९०९ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १७ जानेवारी १९११ रोजी ते निःसंतान वारले आणि आपली संपत्ती सुप्रजननशास्त्राच्या अध्यासनासाठी लंडन विद्यापीठास ठेवून गेले. त्या विचाराच्या आधारे अमेरिकेत साठ हजारांहून अधिक, तर जर्मनीत १९३३ च्या कायद्यानंतर सुमारे चार लाख माणसांची सक्तीने नसबंदी झाली.

आजची विद्या गाल्टन यांच्या चित्रांहून कितीतरी भक्कम आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेली एक पद्धत जनुकांतील ४१ जागा तपासून डोळे, केस व त्वचा यांच्या रंगांची संभाव्यता सांगते. निळ्या आणि तपकिरी डोळ्यांबाबत ती बरीचशी खरी ठरते. मधल्या छटांत मात्र चुकते. आपल्या देशात बहुतेकांचे डोळे तपकिरी आणि केस काळे. तेव्हा तपासाला उरतो तो त्वचेचा वर्ण आणि पूर्वजांचा माग. तो माग एका माणसापाशी थांबत नाही, समूहापाशी थांबतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून संशय घेण्याची रीत या देशात रुजविली. १९५२ साली तो कायदा गेला. परंतु गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर, ही रीत पुरती गेलेली नाही.

जर्मनीने २०१९ साली रंग व वय यांच्या अंदाजास मुभा दिली, पूर्वजांचा शोध मात्र वगळला. आपल्याकडे २०२२ च्या कायद्याने शरीरातील नमुने घेऊन त्यांचे विश्लेषण करण्याचा अधिकार पोलिसांस मिळाला. डीएनए तंत्रज्ञानाच्या नियमनाचे विधेयक मात्र २०२३ साली मागे घेण्यात आले. अधिकार आला, पण मर्यादा आली नाही. नवे विधेयक येईल तेव्हा एका व्यक्तीची ओळख पटविणारी चाचणी आणि समूहाकडे बोट दाखविणारा अंदाज यांत कायद्याने स्पष्ट भेद करावयास हवा. केवळ अशा अंदाजावरून कोणत्याही वस्तीत झडती वा धरपकड होऊ नये, हे त्यात निःसंदिग्धपणे लिहिले गेले पाहिजे. सरासरीवरून समूहाचे वर्णन होते, एका माणसाचा अपराध सिद्ध होत नाही. हे गाल्टन यांच्याच गणिताने शिकविले आहे.