विश्लेषण : १७ मतांनी हरलेले विंग ओंग अमेरिकेत आमदार कसे झाले?

चिनी मजुरांना अमेरिकेचे दरवाजे बंद असताना १९१८ मध्ये १४ वर्षांचा एक मुलगा चीनहून तिथे पोहोचला. पुढे त्याने किराणा दुकान चालवले, वकिली केली आणि १९४६ मध्ये तो ॲरिझोना राज्याचा आमदार झाला. विंग ओंग हे अमेरिकेतील एखाद्या राज्याच्या प्रतिनिधीगृहात निवडून गेलेले पहिले चिनी वंशाचे नागरिक. मात्र ज्या कायद्याचा त्यांना जाच झाला, तो बदलणे आमदाराच्या हाती नव्हतेच.

प्रवेशासाठी काय करावे लागे?

१८८२ च्या चिनी प्रतिबंधक कायद्याने मजुरांना बंदी होती. व्यापारी, विद्यार्थी आणि अमेरिकी नागरिकांच्या मुलांना सूट होती. पण नाते सिद्ध करावे लागे. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतील जन्मनोंदी जळाल्या. तेव्हापासून प्रत्येकावर खोट्या नात्याचा संशय घेतला जाई. एंजल आयलंड केंद्रावर गावात घरे किती, दाराला पायऱ्या किती, असे प्रश्न विचारून उत्तरे नातेवाइकांच्या जबाबाशी ताडून पाहत. ओंग यांनाही तिथे अडकून पडावे लागले.

१७ मतांनी काय बदलले?

फिनिक्समध्ये ते लहान मुलांसोबत प्राथमिक शाळेत बसले. गव्हर्नर थॉमस कॅम्पबेल यांच्याकडे घरकाम करताना त्यांनी राजकारण जवळून पाहिले. नंतर किराणा दुकान टाकले. १९४० मध्ये निवडणूक लढवली आणि अवघ्या १७ मतांनी हरले. पराभवानंतर त्यांनी ॲरिझोना विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतले. १९४३ मध्ये ते पदवीधर झाले. त्याच वर्षी प्रतिबंधक कायदा रद्द झाला, पण चिनी वंशाच्या लोकांसाठी कोटा ठरला वर्षाला १०५ जणांचा. त्यामुळे वकिलाची गरज संपली नाही. इमिग्रेशनची प्रकरणे हीच ओंग यांच्या वकिलीची ओळख बनली.

आमदाराच्या हाती काय होते?

१९४६ मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फे निवडून आले, १९४८ मध्ये पुन्हा. चिनी मतदार मोजकेच असल्याने इतर समाजांची मते मिळवल्याशिवाय हे शक्य नव्हते. पण इमिग्रेशन आणि नागरिकत्व हे विषय वॉशिंग्टनमधील काँग्रेसचे. राज्याचे विधिमंडळ त्यात बदल करू शकत नाही. म्हणून त्या कायद्याशी ओंग यांची लढाई वकिलीच्या कार्यालयातच, एकेका फाइलपुरती राहिली. राज्याचे कायदेही समान नव्हते. गोरे आणि आशियाई यांच्या विवाहाला ॲरिझोनात १९६२ पर्यंत मनाई होती. ओंग ज्या सभागृहात बसत, त्याच राज्याचा हा कायदा होता.

भारतीयांशी संबंध काय?

ओंग आमदार झाले त्याच १९४६ मध्ये भारतीयांना अमेरिकी नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला १०० जणांचा कोटा मिळाला. देशनिहाय कोट्याची ही पद्धत काँग्रेसने १९६५ च्या कायद्याने मोडीत काढली. भारतीय डॉक्टर, इंजिनीअर मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले ते त्यानंतर. पुढच्याच वर्षी ओंग ॲरिझोनाच्या सिनेटवर निवडून आले आणि त्यांनी एक मुदत काम केले. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले.