लॉकडाऊनच्या पन्नास वर्षं आधी विक्रम साराभाईंनी सॅटेलाइटवरून शाळा भरवायचं ठरवलं होतं

2020 च्या लॉकडाऊनमध्ये शाळा बंद पडल्या आणि घरोघरी एकच रडगाणं सुरू झालं. मोबाइल एक, पोरं दोन. रेंज फक्त गच्चीवर. डेटा दुपारपर्यंत संपलेला. ज्यांच्याकडे तेवढंही नव्हतं त्यांच्यासाठी दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली आणि पहिली ते आठवीची पोरं टीव्हीसमोर बसली. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, ही काहीतरी नवीनच आयडिया आहे.

नवीन अजिबात नव्हती. भारतात टीव्ही म्हणजे दिल्लीतल्या मोजक्या घरांची चैन होती, त्या काळात एका माणसाने खेड्यातल्या प्राथमिक शाळेत थेट अंतराळातून तास घेण्याचा घाट घातला होता. त्यासाठी त्याने अमेरिकेच्या नासाकडून वर्षभरासाठी चक्क एक सॅटेलाइट मागून आणला. हा माणूस म्हणजे विक्रम साराभाई. आपण त्यांना रॉकेटवाले म्हणून ओळखतो. पण त्यांच्या डोक्यात रॉकेटइतकीच शाळाही होती.

त्याचं मूळ त्यांच्या स्वतःच्या शाळेत सापडतं. विक्रम यांचा जन्म 12 ऑगस्ट 1919 चा, अहमदाबादचा. वडील अंबालाल हे कॅलिको मिलचे मालक, शहरातलं बडं प्रस्थ. आई सरलादेवी. घरात आठ मुलं. त्या काळच्या शाळांमधली घोकंपट्टी या जोडप्याला काही पटेना. सरलादेवींच्या वाचनात मारिया माँटेसरींचे विचार आले आणि त्यांनी ‘रिट्रीट’ या आपल्या बंगल्यातच शाळा काढली. विद्यार्थी प्रामुख्याने घरचेच. शिकवायला देशविदेशातले शिक्षक. भाषा, विज्ञान, नाच, चित्रकला, बागकाम, सगळं हाताने करून शिकायचं. तिथे एक वर्कशॉपही होतं. पोरसवदा विक्रम यांनी तिथे वाफेच्या इंजिनाचं चालणारं मॉडेल बनवलं होतं.

म्हणजे बघा, एका मुलाला शिकायला जे जे लागतं ते सगळं या मुलाच्या हाताशी होतं. पण अशी शाळा देशातल्या एखाद्याच घराला परवडते. जो मुलगा अशा शाळेत शिकला, त्याने पुढे लाखो मुलांच्या शाळेचा विचार करताना काय केलं, म्हणून ही गोष्ट इंटरेस्टिंग आहे.

मधली कहाणी बऱ्याच जणांना माहीत असते, त्यामुळे पटकन पुढे जाऊ. 1937 मध्ये केंब्रिज. महायुद्ध सुरू झालं तसं परत येऊन बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली कॉस्मिक किरणांवर संशोधन. 1942 मध्ये नृत्यांगना मृणालिनी स्वामीनाथन यांच्याशी लग्न. युद्ध संपल्यावर पुन्हा केंब्रिज, 1947 मध्ये पीएचडी आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदाबादला भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, म्हणजे पीआरएल. मग कापड गिरण्यांसाठी संशोधन करणारी अटिरा, 1961 मध्ये आयआयएम अहमदाबाद. 21 नोव्हेंबर 1963 ला केरळातल्या थुंबा या मच्छीमारांच्या गावातून पहिलं रॉकेट उडालं. चर्चच्या आवारातलं ऑफिस आणि सायकलवरून चाललेला रॉकेटचा भाग, हे फोटो आपण हजार वेळा फॉरवर्ड केलेत.

त्याच 1963 साली पीआरएलमध्ये आणखी एक गोष्ट घडत होती, तिचा फोटो मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. साराभाईंनी तिथल्या शास्त्रज्ञांचा एक गट विज्ञान शिकवण्याच्या कामाला लावला. दिवसभर कॉस्मिक किरण मोजणारी माणसं शाळेतल्या मुलांना विज्ञान कसं समजावायचं यावर डोकं खपवायला लागली. त्यातून 1966 मध्ये अहमदाबादचं कम्युनिटी सायन्स सेंटर उभं राहिलं. मुलांनी यावं, वस्तू हातात घ्याव्यात, प्रयोग करावेत, चुकावं. म्हणजे ‘रिट्रीट’मधलं वर्कशॉप, फक्त दार सगळ्यांसाठी उघडं. 1968 च्या डिसेंबरमध्ये खुद्द रामन तिथे आले आणि आकाश निळं का दिसतं यावर बोलले.

पण अशी सेंटर्स गावोगावी कशी काढणार? शिक्षक कुठून आणणार? इथे टीव्ही येतो.

भारतात टीव्ही 15 सप्टेंबर 1959 ला दिल्लीत सुरू झाला. 1961 पासून दिल्लीतल्या काही शाळांना टीव्हीवरून धडेही दाखवले जाऊ लागले. म्हणजे वर्गात टीव्ही आणणं ही साराभाईंची कल्पना नव्हे. त्यांचा मुद्दा वेगळा होता. टीव्हीचा टॉवर उभा केला की त्याच्या भोवतीच्या काही किलोमीटरनाच चित्र दिसतं. टॉवर आधी दिल्लीत लागणार, मग मुंबई, कोलकाता, चेन्नईत, मग जिल्ह्याच्या ठिकाणी. डोंगरापलीकडच्या गावाचा नंबर लागेपर्यंत तिथली दुसरी पिढी शाळा सोडून गेलेली असणार. ज्या शाळेत चांगले शिक्षक आहेत तिला टीव्ही पहिल्यांदा मिळणार आणि जिथे एकच मास्तर चार इयत्ता सांभाळतो तिला सगळ्यात शेवटी.

सॅटेलाइटमुळे ही रांगच मोडते. वरून येणाऱ्या सिग्नलला दिल्ली काय आणि ओडिशातलं आदिवासी गाव काय, दोन्ही सारखीच लांब. त्यामुळे साराभाईंचं म्हणणं होतं की सुरुवात खेड्यापासून करू.

साहजिकच त्यांना वेड्यात काढणारे भेटले. देशात दुष्काळ, धान्य अमेरिकेतून येतंय आणि हे टीव्हीच्या गप्पा मारतायत. जानेवारी 1966 मध्ये होमी भाभा विमान अपघातात गेल्यावर अणुऊर्जा आयोगाचं अध्यक्षपद साराभाईंकडे आलं होतं. भांडत बसण्यापेक्षा त्यांनी करून दाखवायचं ठरवलं. 26 जानेवारी 1967 ला दिल्लीच्या आसपासच्या 80 गावांत सार्वजनिक टीव्ही लावून शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम सुरू झाला. नाव, कृषी दर्शन. हो, तोच, जो पुढे कित्येक वर्षं आपल्या आजोबांनी बघितला. गावकरी बघतात का, समजतं का, त्याप्रमाणे शेतात काही करतात का, हे तपासायची ती चाचणी होती.

त्याच सुमारास भारत आणि नासाच्या लोकांनी मिळून सॅटेलाइट टीव्हीचा अभ्यास सुरू केला. साराभाईंसोबत या कामात जी माणसं होती त्यात आपले कोल्हापूरचे एकनाथ चिटणीसही होते. अखेर सप्टेंबर 1969 मध्ये करार झाला. नासा आपला सॅटेलाइट वर्षभरासाठी देणार. जमिनीवरचं सगळं, म्हणजे अँटेना, टीव्ही, दुरुस्ती आणि कार्यक्रम, भारत बघणार. हा भाग साराभाईंनी मुद्दाम आपल्याकडे ठेवला असं मला वाटतं. सॅटेलाइट उसना मिळतो, पण तो वापरायला शिकलेली माणसं उसनी मिळत नाहीत.

या प्रयोगाचं नाव सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपेरिमेंट, थोडक्यात साइट. मास कॉमला असताना आम्हाला हे पाच मार्कांच्या टिपेत होतं. सुरू कधी झालं, संपलं कधी, किती गावं. त्यामागचा माणूस त्यात नव्हताच.

आणि तो माणूस प्रयोग बघायलाही नव्हता. 30 डिसेंबर 1971 ला साराभाई थुंब्याच्या दौऱ्यावर असताना कोवलमच्या मुक्कामी झोपेतच गेले. वय अवघं 52. सॅटेलाइट उडायला अजून अडीच वर्षं बाकी होती.

इस्रोची धुरा सतीश धवन यांच्याकडे आली. अहमदाबादच्या स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटरमध्ये यशपाल, चिटणीस आणि तरुण इंजिनिअरांनी काम पुढे नेलं. 30 मे 1974 ला एटीएस-6 उडाला. आधी अमेरिकेने तो आपल्या कामाला वापरला आणि मग सरकवत आफ्रिकेच्या वर आणून ठेवला, जिथून त्याला भारत दिसत होता.

यातलं तंत्रज्ञान समजून घ्यायला सोपं आहे. तोवर सॅटेलाइट दुबळे असायचे, त्यामुळे सिग्नल पकडायला जमिनीवर अवाढव्य आणि महागड्या अँटेना लागायच्या. एटीएस-6 ने हिशोब उलटा केला. ताकद सगळी वर, म्हणून खाली स्वस्त सामान चालून गेलं. गावातली अँटेना होती सुमारे 10 फूट व्यासाची, छत्री उलटी धरल्यासारखी, आणि तिला लावली होती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी. वारा आरपार जातो आणि वजनही कमी. एकाच चित्रासोबत दोन वेगवेगळे आवाज पाठवायची सोय होती. त्यामुळे चित्र तेच, पण एका राज्यात ते तेलुगूत ऐकू यायचं आणि दुसऱ्यात कन्नडमध्ये.

1 ऑगस्ट 1975 ला प्रक्षेपण सुरू झालं. राजस्थान, बिहार, मध्य प्रदेश, ओडिशा, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक, या सहा राज्यांतल्या 20 जिल्ह्यांत मिळून सुमारे 2400 गावं. निवड मागासलेल्या जिल्ह्यांची. महाराष्ट्र यादीत नव्हता. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, चार भाषांना वाटून दिलेला. म्हणजे एका भाषेच्या वाट्याला वीस-बावीस मिनिटं. संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंब नियोजन आणि थोडं मनोरंजन.

आता वर्गात काय व्हायचं ते बघा. गावात एक टीव्ही, समोर 5 ते 12 वर्षांची सगळी पोरं एकत्र. कार्यक्रम पॉज करता येत नाही, मागे नेता येत नाही. पहिलीच्या पोराला समजलं नाही तरी चित्र पुढे. सांभाळणार कोण? तर गुरुजीच. हे ओळखून प्रयोगात शिक्षकांसाठी वेगळं प्रशिक्षण ठेवलं होतं, विज्ञान कसं शिकवायचं याचं. त्यात टीव्ही होता, रेडिओ होता, छापील पुस्तिका होत्या आणि गावात मिळणाऱ्या वस्तूंपासून करायचे प्रयोगही होते. याला तेव्हाच मल्टिमीडिया पॅकेज म्हणत होते! दोन फेऱ्यांत 50 हजारांच्या आसपास शिक्षक यातून गेले. आज शाळेला स्मार्ट बोर्ड येतो, उद्घाटनाचा फोटो निघतो आणि तो कसा वापरायचा हे मॅडमना यूट्यूबवर शोधावं लागतं. त्या तुलनेत 1975 ची मंडळी पुढे होती म्हणायचं.

प्रयोग यशस्वी झाला का? याचं उत्तर सरळ नाही. मशीन मात्र जोरात चालली. दुर्गम गावांतले बहुतेक टीव्ही वर्षभर सुरू राहिले, ही इंजिनिअरांची कमाल. मुलांची भाषा सुधारली, प्रश्न विचारण्याची आणि माहिती शोधण्याची सवय वाढली असं अभ्यासात दिसलं. पण टीव्ही आला म्हणून शाळेत नाव घालणाऱ्यांची संख्या वाढली नाही, की गळती थांबली नाही. शेळ्या राखायला जाणारं पोर टीव्हीसाठी शाळेत आलं नाही, कारण त्याची अडचण टीव्ही नव्हती. मोठ्यांमध्ये आरोग्याच्या बाबतीत सर्वात जास्त फरक पडला तो निरक्षरांना आणि बायकांना. बरेचसे कार्यक्रम दूरच्या स्टुडिओंत बनायचे, त्यांची बोली गावाला परकी वाटायची. शिवाय काळ आणीबाणीचा होता. गावातला एकमेव पडदा सरकारच्या हातात होता, हेही विसरून चालणार नाही.

बोलीच्या अडचणीवर गुजरातच्या खेडा जिल्ह्यात उत्तर शोधलं गेलं. पीज नावाच्या गावात छोटा ट्रान्समीटर लावला आणि कार्यक्रम तिथल्याच लोकांमध्ये, त्यांच्याच बोलीत बनू लागले. साइट संपल्यावरही खेड्याचं काम चालू राहिलं आणि त्याला युनेस्कोचं पारितोषिक मिळालं.

31 जुलै 1976 ला साइटचं वर्ष भरलं. गावांनी मागणी करूनही मुदत वाढली नाही, नासाने सॅटेलाइट परत नेला. काही भागांत जमिनीवरचे ट्रान्समीटर बसवून टीव्ही चालू ठेवले गेले, बाकीच्या गावांत शाळेतला पडदा काळा झाला. स्वतःच्या इन्सॅट-1बी वरून देशभर प्रक्षेपण सुरू व्हायला 1983 उजाडलं. त्याच इन्सॅटच्या शैक्षणिक कार्यक्रमांसाठी सहा राज्यांत संस्था निघाल्या आणि या वेळी महाराष्ट्र यादीत होता. पुण्यात 1984 साली सुरू झालेली ती संस्था म्हणजे बालचित्रवाणी. नाव वाचून ज्यांच्या कानात ती सकाळची धून वाजली, त्यांनी साराभाईंच्या शाळेतला तास केलेला आहे. बालचित्रवाणी पुढे सरकारने बंद केली. तिला काही वर्षं झाली आणि लॉकडाऊन लागला.