गुणाढ्य आणि विद्याधरांची विद्या

पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारी गुणाढ्य हा पंडित होता, असे 11व्या शतकातील काश्मिरी कवी सोमदेव सांगतो. राजाला संस्कृत शिकविण्यास त्याने सहा वर्षे मागितली. शर्ववर्मा या पंडिताने ते सहा महिन्यांत साधले. पैज हरलेल्या गुणाढ्याने संस्कृतासह तीन भाषांचा त्याग केला. विंध्यारण्यात तो पैशाची शिकला आणि तीत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती अव्हेरली, तेव्हा त्याने सहा लाख श्लोक जाळले. उरलेला ग्रंथही आज लुप्त आहे.

सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त या कथांतील विद्याधर आकाशातून संचार करतात. हे सामर्थ्य केवळ जन्माने येत नाही. शक्तिदेव हा मर्त्य ब्राह्मण विद्या लाभल्यावर त्यांचा राजा होतो. नरवाहनदत्ताचे चक्रवर्तीपद तर आधीच ठरलेले, तरी विद्या त्यालाही मिळवाव्या लागतात. भाषेपायी वनवास पत्करलेल्या लेखकाला हे सुचावे, याचे मला नवल वाटत नाही.